सावकाशबाईंचं हलकं चाक

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईंना खरं नाव होतं, पण परवाना आणि लग्नाच्या फोटोची मागची बाजू सोडली तर ते कुठे वापरात नव्हतं. सगळे त्यांना सावकाशबाई म्हणत. वीसेक वर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून ‘सावकाश, सावकाश, अहो सावकाश’ असा जप करणाऱ्या बाईला दुसरं म्हणणार तरी काय? बेकरीवाल्याला त्यांनी सावकाश शिकवलं, दातांच्या डॉक्टरणीच्या आईला सावकाश शिकवलं, आणि एका नवराबायकोला तर इतकं सावकाश शिकवलं की शिकून होईपर्यंत त्यांच्यातला अबोलाच संपला. शाळा म्हणजे एक पांढरी छोटी गाडी, टपावर लाल अक्षरांची पाटी आणि शेजारच्या सीटसमोर बाईंच्या पायांसाठी जादा क्लच आणि ब्रेक. शाळेचं ऑफिस म्हणजे नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानातलं एक टेबल, तेही अर्धंच.

अशा या बाईंच्या डोक्यात अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वारं शिरलं. झालं काय, की त्यांच्याकडे शिकलेला एक जण पुढे मोटर क्लबात गेला. गावाबाहेर दगडाची एक जुनी खाण होती. खाण बंद पडली, पण तिच्याकडे चढणारा वळणावळणांचा रस्ता राहिला. क्लबवाले वर्षातून एकदा तो रस्ता अडवून शर्यत घेत. एका वेळी एकच गाडी खालून सुटायची आणि वर पोचेपर्यंतची वेळ घड्याळावर मोजायची. गेल्या वर्षी त्या विद्यार्थ्याने ‘बाई, बसा तर खऱ्या’ म्हणून त्यांना शेजारी बसवलं आणि एकदा वर नेऊन आणलं. उतरल्यावर बाईंचं हसू काही केल्या थांबत नव्हतं. घरी आल्या तरी हसतायत, भाजी चिरताना हसतायत, दिवा मालवल्यावर अंधारात पुन्हा खुदकन.

“काय झालं?” नवऱ्याने विचारलं.

“काही नाही हो, तिसरं वळण आठवलं,” बाई म्हणाल्या आणि उशीत तोंड खुपसलं.

या वर्षी घरच्या गाड्यांच्या गटात त्यांनी आपणच आपलं नाव दिलं. घरच्या गाड्या म्हणजे रोज भाजी आणायला, मुलांना सोडायला वापरतात त्या. बाईंकडे रोजची गाडी एकच होती, शाळेची. ती बिचारी इतक्या वर्षांत कधी तिसऱ्या गिअरच्या पुढे फारशी गेली नव्हती. म्हणून बाई धाकट्या भावाकडे गेल्या. भाऊ टर्नर. त्याचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं, तिथे लोखंडाच्या किसाचा आणि तेलाचा वास कायम असे.

“ताई, ताकद वाढवायची तर इंजिनच बदलावं लागेल,” भाऊ हात पुसत म्हणाला. “पण वजन कमी करता येईल.”

“माझं?”

“तुझं राहू दे, तुला राग येतो. फ्लायव्हीलचं.”

मग त्याने जमिनीवर खडूने चाक काढून समजावलं. इंजिनच्या मागे हे जाड लोखंडी चाक बसवलेलं असतं. इंजिन फिरतं ते धक्क्याधक्क्याने. ते धक्के हे चाक पोटात घालतं आणि एकसारखं फिरत राहतं. जड असतं म्हणून रेस दिली की वेग घ्यायला वेळ लावतं आणि रेस सोडली तरी लगेच थांबत नाही. तेच हलकं केलं की पाय लावताच इंजिन वर, पाय काढताच खाली.

“म्हणजे गाडी जास्त जोरात पळेल?”

“पळायची तेवढीच पळेल. सरळ रस्त्यावर टॉपला फरक कळणारसुद्धा नाही तुला. पण पहिल्या-दुसऱ्या गिअरला, वळणातून बाहेर पडताना, पटकन उठेल. आणि जागेवरून उचलताना मरेल, हेही आत्ताच सांगून ठेवतो. जरा रेस कमी पडली की बंद.”

“मी वीस वर्षं क्लच शिकवतेय रे.”

“तू शिकवतेस गं. पण गाडी चालवतात तुझे विद्यार्थी.”

हे शेवटचं वाक्य बाईंनी ऐकलं, पण नुसतं कानांनी ऐकलं. मन तिसऱ्या वळणावर होतं.

आता इथे त्यांच्या सासूबाईंबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्या आनंदात जीव टांगणीला लागला तो त्यांचाच. सासूसासरे शहराच्या वरच्या टेकडीवर आपल्या जुन्या बैठ्या घरात राहत. तिथे ना बस जाते ना रिक्षा चढते. दूध आणायचं तरी खाली यावं लागतं. इतकी वर्षं सासरे गाडी चालवत. आता त्यांच्या डोळ्यांपुढे कायमचं धुकं उतरलं होतं आणि ते कुठल्याच चष्म्याने जाणारं नव्हतं. चष्म्याचा दुकानदार स्वतः त्यांचा मुलगाच, तेव्हा वाद घालायला जागा नव्हती. म्हणून सासूबाई वयाच्या सहासष्टाव्या वर्षी सुनेकडे गाडी शिकायला लागल्या. आयुष्यभर पायाच्या शिलाई मशीनवर पडदे आणि शाळेचे गणवेश शिवणारी ही बाई मुळात भित्री नव्हती. पण परवान्याच्या परीक्षेत चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची असते, तिथे त्यांची गाडी दोनदा मागे घसरली होती आणि दोन्ही वेळा परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी नकाराची मान हलवली होती. मुलाने अखेर सांगून टाकलं होतं: येत्या शुक्रवारी जमलं तर ठीक, नाहीतर टेकडीवरचं घर विकायचं आणि दोघांनी खाली आमच्याकडे यायचं. घर बघायला माणसं रविवारी दुपारी येणारही होती. मुलाचं चुकत होतं असं नाही. आईवडील वर आणि घरात दूध नाही, औषध नाही, अशी कल्पना करून त्याची झोप उडाली होती.

परीक्षा शुक्रवारी आणि शर्यत त्यानंतरच्या रविवारी. भावाला वेळ होता तो परीक्षेच्या आधीच्याच शनिवार-रविवारी. बाईंनी मनाशी हिशेब मांडला की दोन-चार किलो लोखंड इकडचं तिकडे झालं तर आईंना काय कळणार आहे? एरवी शहाणीसुरती बाई, पण अंगात आलं होतं. त्याला काय करणार!

शनिवारी गिअरबॉक्स खाली उतरला, चाक निघालं आणि लेथवर चढलं. लोखंडाच्या कुरळ्या बटा खाली पडू लागल्या. बाई तिथेच स्टुलावर बसून केळं खात बघत होत्या. भावाने चाकाच्या मागच्या बाजूचा कडेकडेचा भाग बेताने उतरवला, मग चाक फिरवून फिरवून त्याचा तोल सांभाळला. तिसरा हिस्सा तरी वजन गेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी तयार.

सुरू केली आणि पहिल्यांदा काय झालं? वर्कशॉपच्या दारातच बंद पडली. बाईंनी भावाकडे न बघता पुन्हा चावी फिरवली. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा रेस आधी दिली, तशीच धरून ठेवली, क्लच हळू सोडला आणि गाडी निघाली. मग मात्र काय विचारता! गोदामांच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर बाईंनी दुसरा टाकला, तिसरा टाकला, पुन्हा दुसरा. पायाने नुसता विचार करावा आणि इंजिनने हो म्हणावं. गिअर वेळेवर बदलला तर लोण्यासारखा बसायचा, उशीर केला तर मानेला असा हिसका, की पुढच्या वेळी उशीर होणारच नाही. रेसवरून पाय काढला की गाडी आपणहून आवरती व्हायची. न्यूट्रलमध्ये उभी असताना गिअरबॉक्समधून चमच्यांचा डबा हलवल्यासारखा खडखडाट येत होता, पण बाईंना तोही गोड वाटला. प्रेमात पडलेल्या माणसाला घोरणंसुद्धा गोड वाटतं. अंधार पडायच्या आत घरी परत आल्या तेव्हा त्यांचे पाय जमिनीवर नव्हते आणि पेट्रोल टाकीत नव्हतं.

सोमवारी सकाळचा पहिला विद्यार्थी होता बँकेतला कॅशियर. तो फाटकाबाहेर बंद पडला, कोपऱ्यावर बंद पडला, आणि सिग्नलला तर हिरवा दिवा येऊन गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला, तरी तिथेच. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून शेवटी चहाच मागवला.

“बाई, शुक्रवारी तर जमत होतं मला,” कॅशियर रडवेला होऊन म्हणाला.

“आज हवा दमट आहे,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या विद्यार्थिनीला त्यांनी सांगितलं की पेट्रोल वेगळं भरलंय. तिसऱ्याला सांगितलं की इंजिनची सर्व्हिसिंग झालीय, सवय होईल. चौथा गॅस सिलिंडर पोचवणारा आडदांड गडी, त्याने रेस इतकी दिली की गाडीने उडी मारली आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने शर्ट सोडून पळ काढला. बाईंना आतून हसू आवरत नव्हतं. जादा क्लचवर पाय मारून मारून त्यांची पोटरी दुखायला लागली, तरी हसू येतच होतं. संध्याकाळपर्यंत बातमी पसरली की सावकाशबाईंच्या गाडीला कुणाची तरी नजर लागली.

हसू पळालं ते मंगळवारी. सासूबाईंना घेऊन त्या पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर गेल्या. गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, पुन्हा उचलायची. बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. सासूबाई स्वतःशीच पुटपुटत होत्या. कितव्यांदा तरी बंद पडल्यावर त्यांनी चावी काढली आणि सुनेच्या हातात दिली.

“नाही गं व्हायचं माझ्याच्याने. गेल्या आठवड्यात थोडं तरी जमत होतं. आता पायच ऐकत नाहीत.”

“आई, अहो तसं नाही...”

“तसंच आहे. वय झालं की झालं. चल, घरी सोड मला.”

रस्ताभर त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. लाजेने बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. आपल्या हौसेपायी एका म्हाताऱ्या बाईने स्वतःच्या पायांवरचा विश्वास गमावला, हे त्यांना लख्ख दिसत होतं आणि तरी तोंड उघडत नव्हतं.

तिथून त्या तडक भावाकडे गेल्या. “परत जड कर.”

“ताई, लोखंड काढता येतं. परत चिकटवता येत नाही.”

“मग दुसरं चाक बघ.”

भावाने दिवसभर जुन्या सुट्या भागांच्या दुकानदारांना फोन केले. या गाडीचं चाक एकाकडे होतं, तेही पुढच्या आठवड्यात येणार होतं. शुक्रवार काही पुढच्या आठवड्यात जायला तयार नव्हता.

बुधवारी सकाळी बाई टेकडीवर गेल्या तेव्हा सासूबाई शिलाई मशीन जुन्या चादरीत बांधत होत्या. खिडक्यांचे पडदे उतरवून घडी करून ठेवले होते. सासरे खुर्चीत बसून दोरीचं टोक धरून होते. बाईंनी दारातच सांगून टाकलं, कारण आत गेलं असतं तर पुन्हा धीर झाला नसता. चाक, लेथ, खाणीचा रस्ता, दमट हवा, सगळं.

सासूबाईंनी गाठ मारता मारता हात थांबवला. “म्हणजे माझे गुडघे ठीक आहेत?”

“ठणठणीत आहेत.”

“आणि मी रात्रभर त्यांना शिव्या घालतेय. यांनी तर तेलसुद्धा चोळून दिलं.” त्या उभ्या राहिल्या. “तुला काही अक्कल आहे का गं?”

“आहे. शनिवारी नव्हती.”

सासूबाई खरंच रागावल्या होत्या. त्या आत गेल्या, भांडी आपटली, बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. सासऱ्यांना मात्र हसू फुटलं आणि ते दोरीचं टोक तोंडावर धरून हसत राहिले. आतली आदळआपट हळूहळू कमी झाली. मग सासूबाई पदर खोचून दारात आल्या.

“चाक किती हलकं केलंस?”

“तिसरा हिस्सा.”

“माझ्या पहिल्या मशीनचं चाक असंच हलकं होतं. पाय थांबला की टाका थांबला. जड चाकाची मशीन आली तेव्हा पायाला आराम पडला, दोन टाके ती आपल्या आपण घालायची. म्हणजे तुझ्या गाडीत आता आपल्या आपण काही होत नाही, सगळं मीच करायचं. असंच ना?”

“असंच. पण मी शुक्रवारसाठी दुसऱ्या शाळेची गाडी मागून आणते, आई. मी बोललेय त्यांच्याशी.”

“दुसऱ्याची कशाला? जिने मला रडवलं तिलाच चालवणार मी. ऊठ.”

त्यानंतर जे झालं त्याला शिकवणी म्हणणं कठीण आहे. घरासमोरच्या चढावर दोघी गेल्या. बाईंनी सांगितलं, की आधी रेस द्यायची, इंजिनचा आवाज एका सुरावर आला की तो तिथेच धरायचा आणि मगच क्लच सोडायचा. मागून रेस वाढवू म्हटलं तर गाडी वाट बघत नाही. सासूबाईंनी चपला काढून मागे टाकल्या. म्हणाल्या, पायाला कळू दे. पहिल्यांदा बंद, दुसऱ्यांदा बंद. तिसऱ्यांदा इंजिन गुणगुणायला लागलं, गुणगुणतच राहिलं आणि गाडी बोटभरही मागे न जाता अलगद वर निघाली. सासूबाई वर जाऊन वळल्या, खाली आल्या आणि पुन्हा केलं. मग पुन्हा. दुपारी तर त्यांनी दुसऱ्या गिअरचा शोध लावला. गाडी चटकन उठली तशा त्या लहान मुलीसारख्या खिदळल्या.

“सावकाश, आई.”

“गप गं. तुला सांगते, मशीनसुद्धा मला कुणी अशी दिली नव्हती.”

शुक्रवारी परीक्षेचे साहेब गाडीत बसले. साहेबांचा चेहरा बारा महिने आंबट. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “हा कसला खडखडाट?” सासूबाई म्हणाल्या, “तिची तब्येतच तशी आहे, चालायला लागली की गप्प बसते.” बाई कुंपणाबाहेर उभ्या होत्या आणि कुंपणाची तार त्यांनी अशी गच्च धरली होती की तळहातावर वळ उठले. गाडी चढावर थांबली. हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग इंजिन गुणगुणायला लागलं, एका सुरात, आणि सासूबाई निघाल्या. मागे तसूभर घसरल्या नाहीत. उलट वरच्या टोकाला साहेबांनीच दारावरचं हँडल घट्ट धरलं आणि म्हणाले, “आजी, जरा सावकाश.” सही मात्र त्यांनी मुकाट्याने केली. बाईंनी कुंपणाबाहेर दोन उड्या मारल्या आणि तिसरी मारताना चप्पल तुटली.

पण घरी मुलाने पेढा नाकारावा तसा चेहरा केला. “कागद झाला, चांगलं झालं. पण साहेब शेजारी बसवून चालवणं वेगळं. आईने रविवारी सकाळी बाबांना घेऊन एकटीने टेकडी उतरून दाखवू दे. मग मी त्या माणसांना येऊ नका म्हणून सांगतो.”

“त्यात काय,” सासूबाई म्हणाल्या आणि शनिवारी सकाळी सासऱ्यांच्या जुन्या मोठ्या गाडीत बसल्या. रेस दिली. इंजिनने विचार केला. क्लच सोडला. गाडीने आणखी थोडा विचार केला. सासूबाई पाचव्या मिनिटाला खाली उतरल्या. “ही कुठली म्हातारी? हाक मारावी तर दुपारनंतर ओ देते. मला तुझीच गाडी हवी.”

आता बाईंची कोंडी झाली. रविवारी सकाळी शर्यत आणि रविवारी सकाळीच सासूबाईंना गाडी. शेवटी ठरलं असं: शनिवारी दुपारी क्लबवाले गाड्या तपासून दारावर नंबर चिकटवतात, तेवढं करून घ्यायचं. संध्याकाळी गाडी टेकडीवर ठेवायची. सकाळी सासूबाईंनी सासऱ्यांना घेऊन उतरायचं ते थेट खाणीपाशी यायचं. मुलगाही तिथेच येईल. तो डोळ्यांनी बघेल, आणि बाई गाडी घेऊन शर्यतीला लागतील. बाईंचा नंबर शेवटच्या काही गाड्यांत होता, तेव्हा वेळ भरपूर होता. बाई वरपर्यंत सोबत गेल्या आणि भावाच्या मोटरसायकलवरून परत आल्या.

रविवारी खाणीपाशी गर्दी होती. एकेक गाडी झेंडा पडला की उडत होती, भोंग्यावर वेळ सांगितली जात होती. सासूबाईंचा पत्ता नव्हता. नवरा टेकडीच्या दिशेने बघून घाम पुसत होता. फोन करून उपयोग नव्हता. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही हे सासूबाईंना सुनेनेच शिकवलं होतं. बाईंच्या आधीच्या गाड्या संपत आल्या. क्लबचा माणूस म्हणाला, “तुमची गाडी आली की सरळ रेषेवर लावा, आता थांबता येणार नाही. आणि एका नंबराला एकच चढाई, माहीत आहे ना?” बाई होय म्हणून मोठ्या रस्त्याच्या फाट्यापर्यंत पळत गेल्या, गाडी दिसतेय का बघायला.

आणि नेमक्या तेव्हा सासूबाई दुसऱ्या बाजूने आल्या. वाटेत त्यांनी एका मेंढपाळाला खाणीचा रस्ता विचारला होता आणि त्याने मागची पायवाटेसारखी वाट दाखवली होती. ती वाट निघते ती बरोब्बर शर्यतीच्या रेषेशी. समोर झेंडा घेतलेला माणूस. त्याने दारावरचा नंबर बघितला, यादी बघितली, दोघांचे पट्टे लावलेले बघितले. डोक्याला गच्च फडकं बांधलेल्या सासूबाईंना नमस्कार केला, कारण नाव बाईचंच होतं, आणि झेंडा खाली केला.

फाट्यावर उभ्या असलेल्या बाईंना आधी चमच्यांचा डबा ऐकू आला. मग इंजिन वर गेलं, एका सुरावर थांबलं, आणि सुटलं. बाई जिथल्या तिथे थिजल्या. दिसत काहीच नव्हतं, मध्ये दगडांचे ढीग होते. पण ऐकू सगळं येत होतं. पहिलं वळण. पाय काढला, गाडी आवरली, दुसरा, आणि उठली. बाईंनी नकळत हाताने गिअर टाकला. दुसरं वळण. आता तिसरं, जिथे सगळे उशीर करतात. “आत्ता,” बाई पुटपुटल्या, आणि वरून बरोबर तेव्हाच गिअर पडल्याचा आवाज आला. लोण्यासारखा. मागून पळत आलेला नवरा म्हणाला, “अगं, ती आई आहे,” आणि डोक्याला हात लावून मातीतच बसला. बाई हसत होत्या, आणि गाल ओले होत होते ते त्यांना कळत नव्हतं.

परतीच्या वाटेने गाडी खाली आली. सासूबाई उतरल्या, फडकं सोडलं.

“काय छान रस्ता केलाय गं. समोरून एकही गाडी नाही. आणि तो झेंडेवाला किती अदबीने जा म्हणाला. मला वाटलं, तुम्ही लोक वर थांबलात.”

सासरे सीटवर मांडी घालून बसले होते. पायांपाशी जादा ब्रेक होता, चुकून लागू नये म्हणून त्यांनी घरापासून पाय खाली सोडलेच नव्हते. “मला दिसलं काही नाही,” ते म्हणाले, “पण वळणं सगळी कळली. मी चालवायचो त्यापेक्षा बरी घेतली तिने.” इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी हे पहिल्यांदाच कबूल केलं होतं.

नवरा बाजूला जाऊन फोनवर बोलत होता. “नाही, दुपारी येऊ नका. नाही, नंतरही नको. घर विकायचं नाही आम्हाला.” मग त्याने तेच वाक्य पुन्हा एकदा नीट म्हटलं.

भोंग्यावर बाईंच्या नंबराची वेळ सांगितली गेली. वेळेच्या हिशेबात त्यांच्या मागे तीन गाड्या होत्या, त्यातली एक दुसऱ्या वळणावर गवतात शिरलेली. क्लबचा माणूस जवळ येऊन हळूच म्हणाला, “बाई, मला खरंच वाईट वाटतंय, पण नोंद झाली.” बाईंनी मान हलवली. वर्षभर ज्या रस्त्यासाठी त्या हसल्या होत्या तो समोर रिकामा पडला होता. त्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाटलं, ते लपवण्यात अर्थ नाही. आणि त्याच वेळी आनंदाने छाती इतकी भरून आली होती की दोन्ही गोष्टी एका जागी कशा मावतात याचंच त्यांना नवल वाटत होतं.

सासूबाई एका दगडावर ऐसपैस बसल्या आणि पदराने वारा घेऊ लागल्या. “मी आता कुठे जात नाही. तुझी शर्यत बघूनच जाणार. तुझी पाळी कधी आहे?”

“झाली, आई. आत्ताच झाली.”

“अगंबाई. आणि मला कशी नाही दिसली?”

“तुम्ही गाडी चालवत होतात ना,” बाई म्हणाल्या.